सुरक्षा प्रशिक्षण : व्याख्यान की प्रत्यक्ष सराव?

कारखान्यातील टाकी साफ करण्यासाठी उतरलेला कामगार विषारी वायूमुळे बेशुद्ध पडतो. त्याला वाचवण्यासाठी सहकारी कोणत्याही साधनाविना आत उतरतो आणि तोही प्राण गमावतो. बंदिस्त जागेतील अपघातांचे हे परिचित स्वरूप आहे. वायूची तपासणी झाल्याशिवाय आत जाऊ नये, हा नियम अशा क्षणी केवळ ठाऊक असून भागत नाही. तो अंगवळणी पडलेला असावा लागतो. म्हणूनच सुरक्षेचे प्रशिक्षण कोणत्या पद्धतीने द्यावे, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

डिसेंबर १९८४ मधील भोपाळ वायुदुर्घटनेनंतर, १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात सुधारणा करण्यात आली. सुरक्षेचे प्रशिक्षण मिळवणे हा कामगाराचा हक्क असल्याचे तीत नमूद करण्यात आले. शक्य असेल तेथे कारखान्यातच, अन्यथा मान्यताप्राप्त संस्थेत पाठवून प्रशिक्षण द्यावे, अशी ही तरतूद होती.

प्रत्येक पद्धतीचे प्रयोजन वेगळे असते. नियम, रसायनांवरील धोक्याची चिन्हे आणि कामगारांचे हक्क यांची माहिती अनेकांना एकाच वेळी देण्यासाठी वर्गातील व्याख्यान उपयुक्त ठरते. निरनिराळ्या ठिकाणी विखुरलेल्या कर्मचाऱ्यांसाठी संगणकावरील पाठ सोयीचे असतात. मात्र अग्निशामक उपकरण चालवणे किंवा उंचीवर काम करताना सुरक्षा पट्टा बांधणे हे प्रात्यक्षिकाशिवाय साध्य होत नाही. त्या दिवसाच्या कामातील धोके समजावण्यासाठी पाळीच्या प्रारंभी कामाच्या जागेवरच होणारी काही मिनिटांची चर्चा अधिक परिणामकारक ठरते.

वायुगळती किंवा आग यांसारख्या प्रसंगांसाठी रंगीत तालीम आवश्यक असते. धोकादायक रसायनांविषयीच्या १९८९ च्या नियमांनुसार, मोठ्या अपघाताचा संभव असलेल्या कारखान्यांना आपल्या आपत्कालीन आराखड्याची अशी तालीम दर सहा महिन्यांनी घ्यावी लागते.

पद्धतीची निवड करताना भाषेचाही विचार व्हायला हवा. अन्य राज्यांतून आलेल्या कंत्राटी कामगाराला सूचना त्याच्या भाषेत मिळाल्या नाहीत, तर उत्तम प्रशिक्षणही निष्फळ ठरते. अल्पशिक्षित कामगारांसाठी चित्रे आणि प्रात्यक्षिके यांवर भर देणे योग्य होय.

प्रशिक्षण पूर्ण झाल्याची नोंदवहीतील स्वाक्षरी ही केवळ उपस्थितीची खूण असते. शिकवलेली कृती कामगाराने स्वतः करून दाखवणे, हीच प्रशिक्षणाची खरी कसोटी आहे.