दया, सहानुभूती, करुणा : आपण नेमके कशावर भांडतो?

अत्याचाराची बातमी आली की आपल्या युवकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक वाद हमखास पेटतो. कुणी बिगर-बौद्ध मित्र लिहितो, ‘तुमचे दुःख मी समजू शकतो.’ त्यावर एक जण उसळतो, ‘आम्हाला तुमची सहानुभूती नको, हक्क हवेत.’ दुसरा त्याला सुनावतो, ‘मग बुद्धांची करुणा कुठे गेली?’ थोड्याच वेळात गाडी ‘तू बौद्धच नाहीस’वर येते. दोन-चार जण ग्रुप सोडतात आणि मूळ बातमीतले कुटुंब बाजूलाच राहते.

बहुतेक वेळा दोन्ही बाजू वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात. ‘सहानुभूती नको’ म्हणणाऱ्याला खरे तर वरून टाकलेली कीव नको असते. त्यात चूक काय? पण म्हणून ‘दया’ हा शब्दच टाकाऊ ठरत नाही. बावीस प्रतिज्ञांमध्ये प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहेच. इंग्रजीतला ‘एम्पथी’ हा शब्द तर अगदी अलीकडचा. एडवर्ड टिचनर या मानसशास्त्रज्ञाने तो १९०९ मध्ये एका जर्मन शब्दावरून रूढ केला. मराठीत त्याला कुणी समानुभूती म्हणते, कुणी सहवेदना. पालीत त्याच्या जवळ जाणारा शब्द आहे अनुकंपा, म्हणजे दुसऱ्याच्या दुःखाने आपणही कंप पावणे. (आपल्याकडे हा सुंदर शब्द आता अनुकंपा तत्त्वावरच्या नोकरीपुरता उरला आहे.)

करुणेबद्दल आचार्य बुद्धघोषांनी ‘विसुद्धिमग्ग’मध्ये एक मार्मिक गोष्ट सांगितली आहे. क्रौर्य हा करुणेचा दूरचा, म्हणजे उघड शत्रू. पण तिचा जवळचा शत्रूही आहे : शोकात बुडून जाणे. तो करुणेसारखाच दिसतो, म्हणून ओळखू येत नाही. दुसऱ्याचे दुःख पाहून आपणच कोसळलो तर त्याला हात कोण देणार? एखाद्याची जात आपण जगलेलो नसताना ‘मला सगळे कळते’ म्हणणे खोटे आहे. पण ‘तुला कधीच कळणार नाही, गप्प बस’ असे म्हटले तर ऐकायला तयार असलेला माणूसही दूर जातो. बाबासाहेब करुणेवर थांबले नाहीत. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये त्यांनी तिच्या पुढे मैत्री ठेवली, आणि फ्रेंच राज्यक्रांतीने ज्याला बंधुता म्हटले त्यासाठीही त्यांना बुद्धांचा मैत्री हाच शब्द अधिक योग्य वाटला.

मग करुणावान माणसाने कडू बोलायचेच नाही का? मज्झिम निकायातल्या अभयराजकुमार सुत्तात हाच पेच आहे. तथागत कुणाला अप्रिय वाटेल असे बोलतील का, असे अभय विचारतो. त्याच्या मांडीवर तान्हे बाळ असते. बुद्ध उलट विचारतात, या बाळाने काडी किंवा खडा तोंडात घातला तर तू काय करशील? अभय म्हणतो, रक्त आले तरी बोट घालून काढीन, कारण मला बाळाची अनुकंपा आहे. बुद्धांचे उत्तरही तेच : बोल सत्य असेल, हिताचा असेल, तर तो अप्रिय असूनही योग्य वेळ पाहून बोलावा.

वाद घालताना हे तीनही प्रश्न लागू होतात : खरे आहे का, हिताचे आहे का, वेळ योग्य आहे का? अंगुत्तर निकायात मृदू वाणी आणि मैत्रीचित्त यांचीही भर आहे. मात्र इथे एक धोका आहे. ज्याच्या घरावर हल्ला झाला त्याला ‘जरा सौम्य बोला, बौद्ध आहात ना’ असे सांगणे म्हणजे धम्माचा तोंडबांध करणे. मृदू वाणीची अपेक्षा आधी सुरक्षित अंतरावरून लिहिणाऱ्यांकडून ठेवावी, म्हणजे आपल्यातल्या बहुतेकांकडून.

पुढच्या वेळी कुणी ‘सहानुभूती नको’ लिहिले तर उत्तर देण्याआधी एकच विचारा, ‘या शब्दाने तुला काय म्हणायचे आहे?’ निम्मे वाद तिथेच विरतात. उरलेला मतभेद राहू द्या. पण कुणाच्या बौद्ध असण्याचा निवाडा करू नका. आणि अत्याचाराची बातमी ताजी असेल तर शब्दांची चर्चा उद्यावर ढकला. गुन्हा नोंदवला गेला का, १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याची कलमे लागली का, त्या कुटुंबासोबत आज रात्री कोण थांबणार आहे, हे ग्रुपवर आधी ठरवा.