बाराशे रुपयांत मुंबई

“मुंबईला जायचं तर खिशात पाच-सात हजार तरी पाहिजेत बाप्पा!” हे वाक्य आपल्या होस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर ऐकायला मिळतं. म्हणणाऱ्यांपैकी निम्मे मुंबईला गेलेलेच नसतात. उरलेले जातात ते परीक्षेला किंवा इंटरव्ह्यूला, म्हणजे स्टेशन ते सेंटर आणि सेंटर ते स्टेशन. मुंबई कशी आहे असं त्यांना विचारलं तर उत्तर एकच, “लय गर्दी!”

मित्र-मैत्रिणींनो, हा प्रश्न फक्त फिरण्याचा नाही. फायनल इयरनंतर आपल्यातल्या कितीतरी जणांना नोकरीसाठी मुंबई-पुण्याकडेच बघावं लागतं. ज्या शहराला आपण घाबरतो, तिथे इंटरव्ह्यू देतानाही आवाज खाली जातो. म्हणून नोकरी मागायला जाण्याआधी एकदा नुसतं फिरायला जाऊन यावं, असं माझं मत आहे. आम्ही होस्टेलच्या चौघी जणी तशा जाऊन आलो. माणशी खर्च बाराशेच्या आत बसला. कसा बसला ते सांगते. (मी कॉन्व्हेंटवाली, त्यामुळे ‘अंदाजपत्रक’ वगैरे लिहायला बसले तर हा अंक निघायचा नाही. बजेटच म्हणते.)

पहिलं सूत्र : लॉज नको, गाडीच लॉज

मुंबईत महाग काय असेल तर जागा. एका खोलीच्या एका रात्रीच्या भाड्यात आपली आठवड्याची मेस निघते. पण आपल्याकडे एक सोय आहे. अमरावती-मुंबई एक्सप्रेस संध्याकाळी अमरावतीहून सुटते, बडनेरा, अकोला करत सकाळी सीएसएमटीला पोहोचते. परतीची गाडी रात्री आठच्या सुमारास. (निघण्याआधी वेळ एकदा बघून घ्याच.) म्हणजे दोन रात्री गाडीत झोप आणि मधला अख्खा दिवस मुंबईत. स्लीपरचं तिकीट एका बाजूला चार-साडेचारशेच्या घरात. रिझर्वेशन मात्र आधी करा, जनरलच्या डब्यात रात्रभर उभं राहून गेलं तर दिवसभर फक्त झोप येते. सकाळी स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये तोंड धुवायचं आणि बॅगा क्लोकरूमला टाकायच्या. बॅगेला कुलूप हवं, नाहीतर तिथे घेत नाहीत.

मुक्काम करायचाच असेल तर मोठ्या स्टेशनांवर रिटायरिंग रूम आणि डॉर्मिटरी असते, कन्फर्म तिकिटाच्या पीएनआरवर ती ऑनलाइन बुक होते. पण एक गोष्ट आवर्जून सांगते. “दादरला गाडगेबाबांची धर्मशाळा आहे ना, तिथे राहू,” असं कुणीतरी सुचवतंच. गाडगेबाबा आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे, आपल्या विद्यापीठाला त्यांचंच नाव आहे, म्हणून ती धर्मशाळा आपलीच वाटते. ती आहे मात्र टाटा हॉस्पिटलमध्ये कॅन्सरवर उपचार घ्यायला आलेल्या पेशंटसाठी आणि त्यांच्या नातेवाइकांसाठी. वऱ्हाडातलेही कितीतरी लोक तिथे येतात. आपण धडधाकट माणसांनी फिरण्यासाठी तिथली एक खाटही अडवू नये. स्वस्तात फिरणं म्हणजे दुसऱ्याची गरज आपल्या सोयीसाठी वापरणं नव्हे.

दुसरं सूत्र : पाय, लोकल, बस, याच क्रमाने

लोकलचं सेकंड क्लासचं कमीत कमी तिकीट ५ रुपये आहे. बेस्टच्या बसचं साधं तिकीट मे २०२५ पासून कमीत कमी १० रुपये, एसी बसचं १२. काळी-पिवळी टॅक्सी मात्र ऐकून घाबरू नका. फेब्रुवारी २०२५ पासून तिचं पहिल्या दीड किलोमीटरचं भाडं ३१ रुपये आहे. चौघी बसलो तर माणशी पावणेआठ, म्हणजे बसपेक्षा स्वस्त! म्हणून मुंबईला चौघांनी जावं. ऑटोरिक्षा बांद्रा आणि सायनच्या दक्षिणेला चालत नाहीत, तेव्हा सीएसएमटीबाहेर रिक्षा शोधत बसू नका.

लोकलचं गणित साधं आहे. सकाळी आठ ते अकरा गर्दी दक्षिणेकडे जाते, संध्याकाळी पाच ते आठ उत्तरेकडे. आपण उलटं जायचं. पोरींनी लेडीज डबा पकडावा. फर्स्ट क्लासच्या डब्यात मात्र सेकंडच्या तिकिटावर चढू नका, दंडाची सुरुवातच २५० रुपयांपासून होते, म्हणजे आपलं दिवसभराचं जेवण गेलं. रविवारी रेल्वेचा मेगाब्लॉक असतो, म्हणून शनिवार बरा. जुलै-ऑगस्टच्या जोरदार पावसात लोकल बंद पडते आणि परतीची गाडी चुकू शकते, तेव्हा हिवाळाच उत्तम.

तिसरं सूत्र : जे सगळ्यांचं आहे ते बघा

मॉल तर आता अमरावतीतही झाले. मुंबईत बघायचं ते रस्त्यावर, आणि बहुतेक फुकट.

सुरुवात सीएसएमटीपासूनच. आपण ज्या इमारतीत उतरतो ती २००४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे! एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स हा तिचा आर्किटेक्ट. समोरची महापालिकेची इमारतही त्याचीच. रस्ता ओलांडून मान वर करून बघा, दगडात कोरलेले प्राणी-पक्षी मोजता मोजता मान दुखते.

तिथून चालत हुतात्मा चौक. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गेलेल्यांचं हे स्मारक. १ मे १९६० ला मुंबई आणि आपला विदर्भ यांच्यासह महाराष्ट्र राज्य झालं, त्यामागचा सगळा इतिहास इथे उभा आहे. पुढे हॉर्निमन सर्कल आणि एशियाटिक सोसायटीचा टाउन हॉल. त्याच्या पायऱ्यांवर बसून पाण्याची बाटली संपवायला कुणी पैसे मागत नाही. मग १९२४ साली खुलं झालेलं गेटवे ऑफ इंडिया, आणि परत येताना काळा घोड्याची जहांगीर आर्ट गॅलरी. ती अकराला उघडते, प्रवेश मोफत. चित्रातलं काही कळलं नाही तरी चालतं, आम्हालाही सगळं कळलं नाही.

आता ओव्हल मैदानावर या. एका बाजूला १८७८ साली पूर्ण झालेला राजाबाई टॉवर, दुसऱ्या बाजूला गोल कोपऱ्यांच्या, रंगीत पट्ट्यांच्या आर्ट डेको इमारती. मधे पोरं क्रिकेट खेळत असतात. हा सगळा परिसर २०१८ साली वारसा यादीत आला. सिव्हिलवाल्यांनी तर इथे अर्धा तास बसावंच.

आणि इथेच आपल्या वऱ्हाडाचा संबंध येतो. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं. तिथला कापूस बंद झाला आणि इंग्लंडच्या गिरण्यांना हिंदुस्थानातला कापूस लागला. मुंबईत पैशांचा पूर आला. राजाबाई टॉवरला देणगी देणारे प्रेमचंद रायचंद याच कापसाच्या व्यापारातले मोठे नाव, टॉवरला नाव त्यांच्या आईचं. आपल्याकडच्या कापसाला तेव्हा परदेशी बाजारात ‘ऊमरा’ म्हणत. ऊमरा म्हणजे उमरावती, म्हणजे आपली अमरावती! अकोला-बडनेऱ्यावरून जाणारी रेल्वे १८६७ साली नागपूरला पोहोचली, आणि हाच कापूस तिच्यातून मुंबईला जायला लागला. तेव्हा या इमारतींसमोर बुजून उभं राहायचं काहीच कारण नाही.

साडेअकरा-बाराच्या सुमारास चर्चगेट स्टेशनबाहेर डबेवाले दिसतात. डब्याच्या झाकणावरच्या खुणा आणि आकडे बघून ते डबा कुठल्या भागात, कुठल्या इमारतीत जायचा ते ओळखतात. आपण कोडिंग-डिकोडिंगवर असाइनमेंट लिहितो, ही माणसं रंगाच्या डब्यात बुडवलेल्या ब्रशने ते काम करतात. तिथून पाच मिनिटांवर मरीन ड्राइव्ह.

दुपारी चर्चगेटहून लोकलने दादर, तिकीट पाच-दहा रुपये. शिवाजी पार्क, आणि समुद्राला लागून चैत्यभूमी. १९५६ साली बाबासाहेबांवर इथेच अंत्यसंस्कार झाले. इथे गप्पा आपोआप बंद होतात. मग लोकलने बांद्रा, आणि बांद्रा किल्ल्यावरून वरळी सी लिंक. ३० जून २००९ ला खुला झालेला ५.६ किलोमीटरचा हा पूल. वरून पायी जाता येत नाही, पण केबल्सची मांडणी किल्ल्यावरूनच जास्त चांगली दिसते. स्ट्रक्चर्सच्या पेपरात केबल-स्टेड ब्रिजची आकृती काढणाऱ्यांनी एकदा खरी बघावी.

खाण्याचं काय? वडापाव आहेच. पण दिवसभर तेवढ्यावर राहू नका. सकाळी इराण्याकडे बन-मस्का आणि चहा (धोबी तलावचं कयानी १९०४ पासून आहे), दुपारी दादरला एखाद्या साध्या मराठी खानावळीत राइस प्लेट. आमचं दिवसभराचं खाणं अडीचशेच्या आत झालं. वडापावबरोबरच्या मिरचीचा मुंबईकरांना मोठा अभिमान, पण गिल्या वड्यावर वाढलेल्या माणसाला त्याचं काय!

आता हिशेब. रेल्वे दोन्ही बाजूंनी साधारण साडेआठशे, खाणं अडीचशे, लोकल-बस-टॅक्सी-क्लोकरूम मिळून शंभराच्या आत. झाले बाराशेच्या आत. ग्रुपने शैक्षणिक सहल म्हणून जात असाल तर रेल्वेत विद्यार्थ्यांना सवलत मिळते, तिचा फॉर्म कॉलेजमार्फत भरावा लागतो. आपल्या सरांनी-मॅडमनी इंडस्ट्रियल व्हिजिट ठरवताना एक दिवस असा ठेवला, तर सगळा वर्ग दुवा देईल.

परतताना सहाच्या आत बांद्र्याहून हार्बर लाइनची थेट सीएसएमटी लोकल पकडा. गर्दी उलट्या दिशेला, बसायला जागा मिळते. शिवडीनंतर एक स्टेशन लागतं, नाव कॉटन ग्रीन. मुंबईचा कापूसबाजार जिथे हलवला होता ती ही जागा. गाडी तिथे अर्धा मिनिटच थांबते, पण खिडकीतून बोर्ड जरूर वाचा. आपल्या आज्या-पणज्यांनी वेचलेला कापूस इथपर्यंत आला होता. आपणही यायला हरकत नाही, नोकरीला सुद्धा.