उंदराचे आतडे आणि आपले औषध



वर्तमानपत्रांत अधूनमधून मथळा झळकतो : 'उंदरांवरील प्रयोग यशस्वी, आतड्याच्या दाहावर नवे औषध.' ज्या घरात क्रोन किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिसचा रुग्ण आहे, तेथे अशा बातमीने आशा पालवते. क्वचित चालू औषधही बंद केले जाते. म्हणून या प्रयोगांचा अर्थ समजून घेणे अगत्याचे आहे.

न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील डॉ. बरिल क्रोन आणि सहकाऱ्यांनी १९३२ साली वर्णिलेला हा रोग उंदराला आपण होऊन सहसा जडत नाही. त्याच्यासारखा दाह मुद्दाम निर्माण करावा लागतो. रूढ रीत अशी, की पिण्याच्या पाण्यात डेक्स्ट्रान सल्फेट हे रसायन मिसळून ते सुमारे आठवडाभर पाजतात. मोठ्या आतड्याचे अस्तर झिजते, जुलाब होतात, शौचातून रक्त पडते, वजन घटते. या सर्वांची रोज नोंद होते. वॉर्डातील तक्त्याहून ती फारशी निराळी नसते. मात्र साधे पाणी सुरू करताच व्रण हळूहळू भरू लागतात. म्हणूनच औषध न दिलेल्या आजारी उंदरांचा दुसरा गट ठेवावा लागतो. त्यावाचून गुण औषधाने आला की निसर्गाने, हे सांगता येत नाही.

दुसरी रीत जनुकाची. दाह शमविणाऱ्या इंटरल्युकिन-१० या प्रथिनाचे जनुक काढून टाकलेल्या उंदरांना आतड्याचा दाह होतो, हे १९९३ साली दिसले. तसेच उंदीर पूर्णपणे जंतुविरहित जागेत वाढविले, तेव्हा मात्र दाह झाला नाही. शरीराची संरक्षक यंत्रणा आतड्यातील नेहमीच्या जंतूंवरच उलटू शकते, हा बोध त्यातून मिळाला.

मग हेच प्रथिन क्रोनच्या रुग्णांना टोचून पाहिले. पुरेसा गुण आला नाही. उलट, १९९५ साली इंटरल्युकिन-१२ रोखल्याने उंदरांतील दाह ओसरल्याचे आढळले, आणि तेच प्रथिन रोखणारे उस्टेकिनुमॅब २०१६ साली अमेरिकेत क्रोनसाठी मान्य झाले. मध्ये २१ वर्षे गेली. उंदीर वाट दाखवितो; ती मुक्कामाला पोहोचते की नाही, हे माणसांवरील चाचण्याच ठरवितात.

मुक्या जिवाला विनाकारण क्लेश देऊ नयेत, ही आपली शिकवण. रसेल आणि बर्च यांनी १९५९ साली शास्त्रज्ञांपुढे हेच ठेवले : शक्य तेथे प्राण्याला पर्याय शोधावा, संख्या कमी ठेवावी, वेदना कमी करावी.

तेव्हा बातमी वाचताना तीन प्रश्न विचारावेत. प्रयोग उंदरांवर झाला की माणसांवर? माणसांवर असेल तर किती जणांवर? तुलना कशाशी केली? उत्तरे घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जावे. तोवर चालू औषधाचा एकही डोस आपल्या मनाने चुकवू नये. बरे वाटत असतानाही नाही, कारण ते बरे वाटणे बहुधा त्या औषधाचेच देणे असते.