एक मादी, शेकडो अंडी

सकाळी टँकचा दिवा लावावा आणि पाणवनस्पतींच्या पानापानांवर भिजवलेल्या साबुदाण्यासारखे मणी चिकटलेले दिसावेत. प्रत्येक मण्यात एक काळा ठिपका. ॲक्सोलॉटल या पाण्यात राहणाऱ्या सॅलॅमँडरची नर-मादी जोडी एकत्र ठेवली की आज ना उद्या हे दृश्य दिसतेच. मादी एका वेळी शंभरापासून हजारापर्यंत अंडी घालते आणि दोन-तीन आठवड्यांत पिल्ले बाहेर येतात. जेमतेम सेंटिमीटरभर लांबीच्या या पिल्लांना रोज जिवंत खाद्य लागते. पोट भरले नाही, गर्दी झाली, तर ती एकमेकांचे पायसुद्धा तोडून खातात.

या प्राण्याची प्रजननक्षमता जगाला दीडशे वर्षांपूर्वीच कळली. 1864 मध्ये मेक्सिकोहून पॅरिसला आलेल्या ॲक्सोलॉटलांपैकी सहा ऑग्युस्त द्युमेरील या प्राणिशास्त्रज्ञाच्या हाती आले. त्यांत मादी एकच होती. पुढच्याच वर्षी तिने अंडी घातली आणि तिची प्रजा युरोपभरच्या प्रयोगशाळांत पोहोचली.

पिल्ले नको असतील तर मांजरासारखी नसबंदी इथे सर्रास होत नाही. खात्रीचा उपाय एकच: नर आणि मादी वेगळ्या टँकमध्ये. साधारण वर्षाच्या वयात नराच्या शेपटीच्या मुळाशी ठळक फुगवटा येतो. मादीचा हा भाग सपाट राहतो, अंग मात्र गोलसर दिसते. वेगळे करायला फुगवटा दिसेपर्यंत थांबू नये, असे अनुभवी पाळणारे सांगतात, कारण काही नर उशिरा ओळखू येतात. दुकानातून जोडी आणली असेल तर ती सख्खी भावंडे असण्याची शक्यता मोठी, आणि अशा जोडीची पिल्ले अनेकदा अशक्त निघतात.

एकाच टँकमध्ये जाळी लावून भागेल का? जाळीचा भरवसा धरू नये. नर तळाशी जेलीसारखे शुक्राणूंचे सुळके सोडतो आणि मादी त्यावरून सरकत ते अंगात घेते. मीलनासाठी दोघांना एकमेकांना धरावेही लागत नाही. शिवाय मादी हे शुक्राणू काही काळ साठवून ठेवते, म्हणून वेगळी केल्यानंतरही ती अंडी घालू शकते. घाबरू नये. एकदा अंडी घातलेल्या मादीला मात्र काही महिने विश्रांती मिळालीच पाहिजे. वारंवार अंडी घालून ती खंगते आणि आजाराला लवकर बळी पडते. पाण्याच्या तापमानातला अचानक उतार प्रजननाला चेतवतो, म्हणून चिलरचे तापमान 16 ते 18 अंशांवर स्थिर ठेवावे.

नको असलेली अंडी पहिल्या एक-दोन दिवसांत काढून फ्रीझरमध्ये गोठवावीत. पिल्लू घडण्याआधीच हे करणे अधिक दयेचे. ‘दुर्मीळ प्राणी आहे, वाढू दे’ हा विचार मनाला पटतो, पण तो चुकीचा आहे. मेक्सिको सिटीजवळच्या सोचिमिल्कोच्या कालव्यांत 1998 मध्ये दर चौरस किलोमीटरला सुमारे 6,000 ॲक्सोलॉटल होते. 2014 मध्ये उरले 36. प्रदूषित पाणी आणि बाहेरून आणून सोडलेले कार्प व तिलापिया मासे हे त्याचे कारण. घरच्या टँकमधली पिल्ले ही उणीव भरून काढू शकत नाहीत, कारण पाळीव वाणात टायगर सॅलॅमँडर या नातलग प्रजातीची जनुके मिसळली आहेत.

भारतात हा प्राणी 2022 च्या सुधारित वन्यजीव कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत येतो. त्याची नोंदणी सक्तीची आहे, आणि टँकमध्ये जन्मलेल्या पिल्लांचीही.