अनुबोधपटाची वाट

लालबर्रा हे बालाघाटहून सिवनीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे तहसिलीचे गाव. भोवताली भाताची शेते आणि पलीकडे सोनेवानीचे जंगल. अशा गावी कोणता चित्रपट यावा हे दूरच्या शहरातील वितरक ठरवितो. नटनट्यांचा, गाण्यांचा बोलपट उशिरा का होईना, येऊन पोहोचतो. परंतु ज्यात नट नाहीत, रचलेले कथानक नाही, खरी माणसे आपले खरे दुःख आपल्या तोंडाने सांगतात, असा अनुबोधपट तेथवर कसा जावा? ज्यांनी हा प्रश्न आयुष्यभर उरी बाळगला, त्या आनंद पटवर्धन यांच्या कार्याचा परिचय आज करून द्यावयाचा आहे.

श्री. पटवर्धन यांचा जन्म १८ फेब्रुवारी १९५० रोजी मुंबईस झाला. बेचाळीसच्या लढ्यातील भूमिगत पुढारी अच्युतराव पटवर्धन आणि त्यांचे बंधू रावसाहेब हे त्यांचे काका. घरातच देशकार्याची परंपरा होती. मुंबई विद्यापीठाची पदवी घेतल्यावर ते समाजशास्त्राच्या अभ्यासासाठी अमेरिकेस गेले. परत आल्यावर मात्र त्यांनी नोकरीचा सरळ मार्ग धरला नाही. १९७२ ते १९७४ या काळात मध्य प्रदेशातीलच होशंगाबाद जिल्ह्यात ‘किशोर भारती’ या संस्थेत त्यांनी ग्रामीण शिक्षणाचे व विकासाचे काम केले. कार्यकर्ता आधी आणि चित्रपटकार मागाहून, हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

१९७४ साली जयप्रकाशजींच्या बिहार आंदोलनात ते सामील झाले आणि तेथेच, उसन्या कॅमेऱ्यावर, ‘क्रांति की तरंगें’ हा त्यांचा पहिला महत्त्वाचा अनुबोधपट तयार झाला. पुढच्याच वर्षी आणीबाणी आली. चित्रपट उघडपणे दाखविणे अशक्य झाले. तेव्हा त्याच्या प्रतीचे तुकडे करून ते परदेशी धाडण्यात आले आणि कॅनडात पुन्हा जोडण्यात आले. आणीबाणी उठल्यावर १९७८ साली राजकीय कैद्यांवरील ‘जमीर के बंदी’ निघाला. चित्रपट काढणे हे अर्धेच काम, तो लोकांना दाखविणे हे उरलेले अर्धे, हा धडा त्यांना आरंभीच मिळाला होता.

येथे थोडा खुलासा केला पाहिजे. आपल्या देशात अनुबोधपटाला लोकांपर्यंत जाताना दोन दरवाजे ओलांडावे लागतात. पहिला चित्रपट परीक्षण मंडळाचा. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या एका लघुपटावरून झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७० साली हे पूर्वपरीक्षण घटनेस धरून असल्याचे ठरविले. दुसरा दरवाजा दूरदर्शनचा. उपग्रहवाहिन्या घरोघर येण्यापूर्वी लहान गावांना तीच एक खिडकी होती. पहिल्या दरवाजातून सुटलेला चित्रपट दुसऱ्यापाशी अडे.

१९८५ सालचा ‘हमारा शहर’ हे याचे उत्तम उदाहरण. मुंबईच्या पदपथांवर आणि झोपड्यांतून राहणारे, शहराची बांधकामे करणारे लोक आणि त्यांची पाडली जाणारी घरे, हा त्याचा विषय. त्याला राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. पारितोषिक घेण्यासाठी श्री. पटवर्धन यांनी घर गमावलेल्या एका वस्तीतील स्त्रीस पाठविले. त्याच १९८६ साली संजय गांधी नगरातील झोपड्या पाडल्याबद्दल शबाना आझमी यांच्यासमवेत ते उपोषणास बसले. पुरस्कारप्राप्त असूनही हा चित्रपट दूरदर्शनवर यावयास न्यायालयाची पायरी चढावी लागली. अयोध्येच्या वादावरील ‘राम के नाम’ (१९९२) याला सर्वांनी पाहण्यास योग्य असे प्रमाणपत्र होते, राष्ट्रीय पारितोषिकही होते. तरी तोही न्यायालयाच्या आदेशानंतरच प्रक्षेपित झाला. एका हाताने शासनाने गौरवावे आणि दुसऱ्या हाताने दार लावावे, असा हा प्रकार होता.

या खटल्यांतून एक तत्त्व पुढे आले. ‘पितृ, पुत्र और धर्मयुद्ध’ या १९९५ सालच्या चित्रपटाचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली सांगितले की, चित्रपट तुकड्यातुकड्याने न जोखता समग्र पाहावा आणि तो सामान्य माणसाच्या दृष्टीने पाहावा. अण्वस्त्रांविषयीच्या ‘जंग और अमन’ला परीक्षण मंडळाने अनेक काटछाटी सुचविल्या होत्या, मुंबई उच्च न्यायालयाने २००३ साली त्या सर्व रद्द केल्या. हे निकाल एका व्यक्तीच्या नावाने लागले, पण त्यांचा लाभ सर्वांचा आहे.

मराठी माणसाला ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) विशेष जवळचा वाटेल. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मेली. त्या दुःखाने शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. ‘हमारा शहर’मध्ये गाणारे ते हेच घोगरे. मित्राच्या या मृत्यूचा माग काढीत श्री. पटवर्धन चौदा वर्षे चित्रण करीत राहिले. तयार झालेला चित्रपट त्यांनी दलित वस्त्यांतून दाखविला. ज्यांची कथा, त्यांनी ती आधी पाहावी.

त्यांचे चित्रपट एकांगी आहेत असा आक्षेप घेतला जातो. ते आपली बाजू लपवीत नाहीत हे खरेच. परंतु त्यांच्या कॅमेऱ्यासमोर विरुद्ध पक्षाचीही माणसे मनमोकळेपणाने बोलतात आणि खेळ संपल्यावर ते प्रेक्षकांच्या प्रश्नांना सामोरे जातात. ज्याला मत पटत नाही, त्याने ते पाहून, ऐकून, मग खोडून काढावे. न पाहताच दार बंद करणे हे लोकशाहीस शोभणारे नाही.

आज त्यांचे काही चित्रपट हातातल्या दूरध्वनीवरही पाहता येतात. पण एकट्याने पाहणे वेगळे आणि गावाने एकत्र बसून पाहणे वेगळे. शाळेची एक पांढरी भिंत, एक प्रक्षेपक आणि खेळानंतर तासभर बोलण्याची तयारी, एवढ्या सामग्रीवर लालबर्रासारख्या कोणत्याही गावी तो दुसरा दरवाजा लोकांना स्वतःच उघडता येईल.