हरळीचे मैदान व पाण्याचा निचरा

गोंदिया जिल्ह्यातील कन्हार जमीन धानाच्या बांधीत पाणी धरून ठेवते; खेळाच्या मैदानास मात्र तोच गुण मारक ठरतो. पावसाळ्यात पाणी साचून हरळीची मुळे हवेवाचून कुजतात. नुसती वरून माती टाकल्याने हा दोष जात नाही. गोल्फच्या हिरवळीसाठी अमेरिकेत १९६० साली प्रसिद्ध झालेल्या पद्धतीचे तत्त्व येथे उपयोगी पडते. उताराच्या तळात चर खोदून सच्छिद्र नळ बसवावेत. त्यांवर सुमारे १० सेंटिमीटर खडी व ३० सेंटिमीटर वाळूप्रधान मिश्रण पसरावे. मिश्रणाची जाडी सर्वत्र सारखी ठेवावी. थर पातळ तेथे ओल राहते, जाड तेथे हरळी लवकर सुकते. वाळू धुऊन, चाळूनच वापरावी; गाळ राहिल्यास सारा खर्च व्यर्थ जातो.