चुकलेल्या नोंदीचं वजन

२२ मे १९९७ ला पहाटे जबलपूर हादरलं. आमच्या सावरगावपासून ते सरळ रेषेत सव्वादोनशे किलोमीटर. त्या पहाटे जाम नदीच्या काठी भूकंपमापक असता, तर त्यावर आधी प्राथमिक लाट उमटली असती आणि साधारण अठ्ठावीस सेकंदांनी मागची, जास्त हेलकावे देणारी दुय्यम लाट. या सेकंदांना आठने गुणलं की भूकंपाचं ठिकाण किती किलोमीटरवर, याचा ढोबळ अंदाज येतो.

हिशेब सोपा, पण नोंद वाचणारा माणूसच असतो. घड्याळ मागे पडतं, भलतीच लाट पहिली म्हणून टिपली जाते. केंब्रिजचे हॅरल्ड जेफ्रीज अशा नोंदींच्या ढिगाऱ्यात वर्षानुवर्षं बसले. बहुतेक आकडे जवळजवळ, काही मात्र पार भरकटलेले. ते फेकावेत तर एखादी खरी नोंदही जाते, ठेवावेत तर सरासरी नासते. जेफ्रीजनी ते फेकले नाहीत. जितका आकडा भरकटलेला, तितकं त्याचं वजन कमी धरलं. सहकारी बुलेन यांच्यासोबत केलेली त्यांची भूकंपलहरींच्या प्रवासवेळेची कोष्टकं १९४० ची. संभाव्यतेवरचा त्यांचा ग्रंथ त्याच्या आदल्याच वर्षीचा. हा योगायोग नव्हे.

याच जेफ्रीजकडे कोल्हापूरचे संख्याशास्त्रज्ञ वसंत शंकर हुजूरबाजार शिकले आणि १९४९ मध्ये डॉक्टरेट झाले. त्यांनी भूकंपावर काम केलं असं म्हणायला मी धजणार नाही. त्यांचा पिंड निखळ सिद्धांताचा. पण प्रश्नांची जात तीच. भूकंपाची खोली आणि तो सुरू झाल्याची वेळ एकमेकांत गुंतलेली असतात: खोली चुकली की वेळही चुकते. असे गुंतलेले अज्ञात आकडे नव्या मापांत मांडून सोडवायचे कधी जमतं, हा हुजूरबाजारांच्या १९५० च्या निबंधाचा विषय. त्याआधी, १९४८ मध्ये, त्यांनी एक जुनी शंका मिटवली होती. हाती आलेल्या नोंदी ज्या किमतीमुळे सर्वांत शक्य ठरतात ती किंमत शोधायची, ही महत्तम शक्यतेची रीत; तिच्या समीकरणाला अनेक उत्तरं निघू शकतात. मग खरं कुठलं? ठरावीक अटी पाळल्या गेल्या तर नमुना वाढत जाताना खऱ्या किमतीकडे नेणारं उत्तर एकच उरतं, हे त्यांनी दाखवलं.

आमच्याकडे गारपिटीने संत्रा झोडपला की पटवारी कोणती झाडं मोजतो, यावर भरपाई ठरते. नमुन्याचा प्रश्न असा बांधापर्यंत येतो. मात्र तो कुणी बांधावर शिकवत नाही.

शिकवायचं काम हुजूरबाजारांनी पुण्यात केलं. १९५३ पासून १९७६ पर्यंत ते पुणे विद्यापीठात संख्याशास्त्राचे विभागप्रमुख होते. केंब्रिजचं ॲडम्स पारितोषिक १९६० चं, पद्मभूषण १९७४ चं. मानसन्मान ठीकच; मला त्यांची तेवीस वर्षांची प्रमुखकी मोठी वाटते. गणिताच्या सावलीतून संख्याशास्त्र बाहेर येत होतं, त्या काळात एकाच माणसाने घडी बसवणं ही चैन फार थोड्या विभागांना मिळाली.

पुढे ते अमेरिकेत गेले, डेन्व्हरला शिकवत राहिले आणि १९९१ मध्ये वारले. अपर्णा आणि स्नेहलता या त्यांच्या दोन्ही मुली संख्याशास्त्रज्ञ झाल्या. त्यांतल्या स्नेहलतांनी भूशास्त्रातल्या प्रश्नांवरही काम केलं आहे.